शेवटचा नळ कुठे आहे ते आधी विचारा: तरुण संघ घेऊन नेपाळच्या गावात सेवेला जाणाऱ्यांसाठी

मी नगरचा. पेशानं प्लंबर, आणि सतरा-अठरा वर्षं आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं काम बघतो. संघाला घेऊन तीनदा नेपाळात गेलो, धादिंग जिल्ह्यातल्या एकाच गावात. आता दुसऱ्या मंडळ्यांतली पोरं फोन करून विचारतात, "दादा, आम्हालाही जायचंय, काय काय लागतं?" फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी हिशोब. आमच्या वहीत दुसऱ्या फेरीचा खर्च माणशी साडेनऊ हजार निघाला. चौदा जण, म्हणजे एक लाख तेहेतीस हजार. त्या पैशात त्याच गावातले गडी लावले असते, तर पाण्याच्या पाइपासाठी आम्ही खणली त्याच्या दुप्पट चर खणून झाली असती. पाळकसाहेबांनी हा प्रश्न पंच कमिटीत सरळ मांडला, आणि मांडायलाच हवा होता. आमचं उत्तर एवढंच होतं की तिकडच्या मंडळीनं आम्हाला बोलावलंय. बोलावणं नसेल तर जाऊ नका. "आपल्या पोरांना अनुभव मिळेल" एवढ्यासाठीच जायचं असेल, तर पाथर्डी-शेवगाव जवळ आहे.

बोलावणं कसं मिळतं? आमचं आलं वॉचमनमुळे. आमच्या चर्चच्या आवारात रात्रपाळीला असलेला दाजू (नेपाळीत मोठा भाऊ, आम्ही त्याला तेच म्हणतो) धादिंगचा. २०१५ च्या २५ एप्रिलला भूकंप झाला तो शनिवार होता आणि वेळ दुपारी बाराच्या जरा आधीची. नेपाळात उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टी शनिवारची. त्यामुळे त्या वेळी कितीतरी मंडळ्या भरलेल्या होत्या. ७.८ तीव्रतेच्या त्या धक्क्यानं देशभरात सुमारे नऊ हजार माणसं गेली. दाजूचं घर पडलं, माणसं वाचली. आम्ही पैसे गोळा केले, ते घेऊन तो गावी गेला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पास्टरांचा निरोप घेऊन आला. तुमच्याही गावात एखादा नेपाळी वॉचमन नाहीतर चायनीजच्या गाडीवरचा कुक असेल. सुरुवात त्याच्याशी बोलण्यापासून करा. भाषाही तोच शिकवेल.

जुने कपडे नेऊ नका. १९९३ ला किल्लारीला माझे वडील मंडळीच्या ट्रकबरोबर गेले होते. रस्त्याच्या कडेला साड्या-शर्टांचे ढीग पावसात भिजत पडले होते, कुणी हात लावत नव्हतं, हे ते मरेपर्यंत सांगायचे. पहिल्या फेरीला आमच्या मंडळीतल्या बायांनी तरीही दोन गोण्या स्वेटर दिले. मी नाही म्हणू शकलो नाही. त्या गोण्या मीच डोंगरावर वाहिल्या आणि मीच परत आणल्या.

कधी आणि कसं

पावसाळा सोडून. जून ते सप्टेंबर तिकडच्या रस्त्यांवर दरडी येतात आणि बस नदीत जाते, हे मी घाबरवायला सांगत नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचवीसहून जास्त माणसं गेली. घाटात रात्रीची बस घेऊ नका, मग एक मुक्काम वाढला तरी चालेल. दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, हे दिवसही टाळा. तेव्हा गाव आपल्या घरच्या माणसांसाठी असतं. आम्ही दिवाळीची सुट्टी संपता संपता निघतो. तोवर तिकडे भात कापायला आलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं, थंडी सोसवेल इतकी.

मनमाडहून कुशीनगर एक्सप्रेस, गोरखपूरला उतरायचं. तिथून सुनौलीला बस-जीप, तीन तास धरा. सीमा पायी ओलांडायची. पलीकडे भैरहवा, तिथून सकाळची काठमांडूची बस. काठमांडूपर्यंत जायचं नाही, त्रिशूली नदीच्या काठी मलेखूला उतरायचं. मलेखूची तळलेली मासळी प्रसिद्ध आहे, पोरांना तेवढी चैन करू द्या. तिथून धादिंगबेसी, पुढे जीप, शेवटी पायी.

व्हिसा लागत नाही. पण प्रत्येकाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पाहिजेच. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला आधार कार्ड चालत नाही. सुनौलीला कुणी विचारलंच नाही म्हणून आमच्यातला एक जण नुसत्या आधारवर आत गेला. येताना तो तापानं फणफणला, विमानानं पाठवायचं ठरलं आणि काउंटरवरच अडकलं. शेवटी तीन दिवस त्याच्याजवळ मी थांबलो आणि दोघं रेल्वेनं आलो. अठराच्या आतलं कुणी घेऊ नका. कागद वाढतात आणि काळजी त्याहून जास्त.

भारताचे शंभर म्हणजे नेपाळचे एकशेसाठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार विचारतो "आयसी की एनसी?", म्हणजे भारताचे की नेपाळचे. उत्तर देताना घाई केली की शंभराला साठ जातात. आपल्या शंभराच्या नोटा सोबत ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

कायदा, आणि तोंड

हा भाग संघातल्या सगळ्यांना समोर बसवून वाचून दाखवा. नेपाळात कुणाचं धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. राज्यघटनेत तशी बंदी आहेच, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तेव्हा पत्रकं नाहीत, चौकात गाणी नाहीत, पोरांना खाऊ वाटून गोष्टी सांगणं नाही, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना नाही. आमच्यातल्या एका उत्साही मुलीनं तिकडच्या पास्टरदाईंना (दाई म्हणजे दादा) विचारलं, "पण साक्ष तर द्यायला पाहिजे ना?" ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही दहा दिवसांनी जाल. पोलिस आले तर माझ्या घरी येतील." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

उपासना मंडळीच्या आत, त्यांच्याबरोबर, त्यांच्या पद्धतीनं. चपला बाहेर, खाली गुंद्रीवर बसायचं, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. लिपी आपलीच, त्यामुळे भजनाचं पुस्तक हातात आलं की पोरं वाचत गाऊ लागतात आणि त्यांना वाटतं भाषा आली. आलेली नसते. तिकडे "शिक्षा" म्हणजे शिक्षण. "खोला" म्हणजे ओढा. "कोदो" म्हणजे आपली नाचणी, कोद्रू नव्हे. "नानी" म्हणजे लहान पोर. आणि "वडा कार्यालय" अशी पाटी दिसली की हसू नका, ते वॉर्ड ऑफिस आहे. आमचं एक पोर हसलं आणि आत वडा अध्यक्ष बसलेले होते.

भेटल्यावर "जय मसीह", मंडळीबाहेरच्यांना "नमस्ते". समोरच्याला "तपाईं" म्हणायचं. आपली पोरं नगरी हिंदीत "तू, तेरेको" करतात, ते तिकडे कानाला फार लागतं. मोठ्या बाईला आमा किंवा दिदी, माणसाला दाई. आणि सगळ्यात उपयोगाचा शब्द: "पुग्यो". पुरे. (पोचलं यालाही हाच शब्द.) तो वेळेवर म्हटला नाही तर ताटात भाताचा डोंगर उभा राहतो.

जेवणाचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. सकाळी चहा, दहाच्या सुमारास डाळ-भात-तरकारी पोटभर, दुपारी थोडा खाजा (म्हणजे हलका नाश्ता), रात्री सातला पुन्हा भात. एक वाजता जेवण शोधाल तर मिळणार नाही. तांदूळ, तेल, डाळ यांचे पैसे पहिल्याच दिवशी आमा समूहाकडे द्या, म्हणजे गावातल्या बायांच्या गटाकडे. एका घरात देऊ नका, दुसऱ्या घराला वाईट वाटतं. आणि "आमच्यासाठी कोंबडी कापू नका" हे त्या दिवशीच सांगा. आम्ही सांगितलं नाही, आणि ज्या आमांकडे दोनच कोंबड्या होत्या, त्यातली एक आमच्या ताटात आली. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. पहिल्या दिवशी पोरं नाक मुरडतात, चौथ्या दिवशी त्याचंच कालवण मागतात. ढिंडो म्हणजे नाचणीची घट्ट उकड. आपल्या कोकणातली पोरं त्याला हसत नाहीत.

काम

आता मुद्द्याचं. पहिल्या फेरीला आम्ही शाळेची भिंत रंगवली. छान दिसली. दुसऱ्या दिवशी मी कुतूहलानं विचारलं, पूर्वी कोण रंगवायचं? तर म्हणे गावातला एक मुलगा, दर दोन वर्षांनी, मजुरी घेऊन. त्याची मजुरी आम्ही खाल्ली होती. वर त्याच्याच ब्रशांनी.

तेव्हापासून आमचा नियम असा: जे काम गाव आमच्याशिवायही करणारच आहे, आणि जे करताना गावाला माणसं कमी पडतायत, त्यातच हात घालायचा. मुकादम त्यांचा. आम्ही गडी. भूकंपानंतर त्या गावचा झरा आटला, जमिनीतलं पाणी कुठेतरी सरकलं. डोंगराळ धादिंगमध्ये हे पुष्कळ ठिकाणी झालं. दीड किलोमीटरवर वरच्या अंगाला दुसरा झरा सापडला होता. गावात पाण्याची उपभोक्ता समिती होती (नाव ऐकून मला ग्राहक मंचच आठवला), गावपालिकेकडून काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप मिळाला होता आणि खणायचं काम श्रमदानानं. श्रमदान हाच शब्द तिकडेही आहे. तरणी पोरं मात्र कतार-मलेशियाला गेलेली. खणायला बाया, म्हातारे, आणि आम्ही.

चर तीन फूट खोल पाहिजे. कमी खणली तर कुदळीचा घाव पाइपावर बसतो, नाहीतर पावसात माती वाहून पाइप उघडा पडतो. पहिल्या दिवशी आमच्या बारा तरण्यांनी एकवीस मीटर खणलं. शेजारच्या पट्ट्यात पाच बाया आणि एक आजी, त्यांनी तीस. त्या रात्री कुणी मोबाईल काढला नाही, सगळे साडेआठला घोरत होते. हातमोजे जाड घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या. काम चालू झाल्यावर फोड येणारच. फोडू नका, पट्टी बांधून ठेवा.

मी प्लंबर म्हणून गेलो होतो खरा, पण माझं सगळं आयुष्य घरातल्या जीआय (लोखंडी) आणि सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) पाइपांत गेलेलं. सुतळी-सफेदा, टेफ्लॉन, सॉल्व्हंट एवढीच माझी विद्या. एचडीपीईचा सांधा कधी लावला नव्हता. समितीचा मिस्त्री असेल पंचविशीचा. त्यानं मला बाजूला बसवलं आणि दाखवलं. दोन्ही पाइपांची तोंडं आधी करवतीनं काटकोनात कापायची आणि कपड्यानं पुसायची, हात लावायचा नाही. लोखंडी तवा विस्तवावर तापवायचा, त्याला टेफ्लॉनचं कापड गुंडाळलेलं. दोन्ही तोंडं दोन्ही बाजूंनी तव्याला टेकवायची. दाबायची नाहीत, नुसती धरायची, जोवर कडेला सगळीकडून सारखी वितळलेली ओठासारखी किनार येत नाही तोवर. मग तवा काढायचा आणि दोन्ही तोंडं एका दमात जोडून धरून ठेवायची. गार होईपर्यंत हलायचं नाही. पाणी मारून गार करायचं नाही, सांधा ठिसूळ होतो.

माझा पहिला सांधा उघडला. दुसराही. मिस्त्रीनं पाइपाच्या पलीकडच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ते उघडं होतं. डोंगरावरचा वारा पाइपातून धुराड्यासारखा वाहत होता आणि माझं तापलेलं तोंड आतून गार करत होता. त्यानं एक चिंधी कोंबली. तिसरा सांधा बसला. वीस वर्षं धंदा करून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दाबाची. दर दहा मीटर उभ्या उताराला साधारण एक किलोचा दाब वाढतो. आमच्या झऱ्यापासून खालच्या टोलापर्यंत (टोल म्हणजे वस्ती) पंच्याऐंशी मीटर उतार, आणि पाइप सहा किलोचा, म्हणजे साठ मीटरपर्यंत सोसणारा. म्हणून अध्येमध्ये टाकी बांधून दाब मोडावा लागतो. पाणी टाकीत उघड्यावर पडलं की दाब शून्य, तिथून पुन्हा मोजायला सुरुवात. कुणी म्हणालं "टाकी कशाला, पैसे वाचवू" तर ऐकू नका. हा हिशोब समितीनं आधीच केलेला होता. मी फक्त मनात ताडून बघितला आणि गप्प बसलो.

आणि शेवटचा नळ. प्लंबरची सवय म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं, लाइनीचं शेवटचं तोंड कुठे? कारण पाण्याचा प्रश्न नेहमी शेवटच्या नळाला असतो. वरचे भरतात, खालच्याला थेंब. जरा थांबून उत्तर आलं: विश्वकर्मांच्या टोलात. विश्वकर्मा म्हणजे कामी, लोहारकाम करणारे. नेपाळात त्यांना दलित धरतात. नकाशावर त्यांचा नळ सगळ्यात शेवटी, आणि पाइप तिथवर पोचतच नव्हता. शंभर मीटर कमी पडत होता.

आता माझ्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती माणसाला पाण्याची जात कुणी शिकवायला नको. माझा आजा कुठून मंडळीत आला आणि त्याआधी त्याला कुठल्या विहिरीवर जाता येत नव्हतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. महाडचं चवदार तळं १९२७ चं, आणि इथे मी तोच नकाशा बघत होतो. पण पाहुण्यानं ओरडायचं नसतं. रात्री पास्टरदाईंना एकट्यात विचारलं. ते म्हणाले, समितीत मी बोललो तर "मंडळीचा माणूस बोलतोय" होईल, तुम्ही बोललात तर "परदेशी बोलतोय" होईल. मग समितीतल्याच एका शाळामास्तरांनी विषय काढला, आणि मला मिस्त्रीचा माणूस म्हणून फक्त एक तांत्रिक गोष्ट सांगायला लावली: शेवटच्या तोंडाला दाब राहावा म्हणून फाट्यांवर बारीक पाइप आणि मुख्य लाइन शेवटपर्यंत जाड हवी. त्यात खोटं काही नव्हतं. वडा कार्यालयात अर्ज गेला. वाढीव पाइप आमच्या दुसऱ्या फेरीत आला नाही, आम्ही परतल्यावर चार महिन्यांनी आला आणि त्यांनीच पुरला. तिसऱ्या फेरीला त्या टोलात गेलो, तेव्हा तिथल्या एका आमांनी नळ उघडून गडू भरला आणि मला पाणी प्यायला दिलं. मी प्यालो. माझ्यासोबतच्या पोरांना त्यात विशेष काही दिसलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

किरकोळ, पण विसराल

संघात एक बाई मोठी म्हणून हवीच, मुली असोत-नसोत, कारण गावातल्या बाया तिच्याशीच बोलतात. मुलींना चर्पी कुठे आहे ते पहिल्या तासात दाखवा. चर्पी म्हणजे संडास. पॅडचा कचरा गावात टाकू नका, घरी परत आणा. गावातल्या लहान पोराबरोबर एकट्या-दुकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही. पोरांचे फोटो काढून लगेच स्टेटसला टाकायचे नाहीत. हा नियम मोडणाऱ्याचा फोन मी जप्त करतो आणि रडारड झाली तरी देत नाही.

औषधांचा डबा फक्त आपल्या माणसांसाठी. गावातलं कुणी गोळी मागायला आलं तर त्याला स्वास्थ्य चौकीत घेऊन जा, दोन तास चालावं लागलं तरी. पाणी उकळून प्या, ओआरएस भरपूर न्या. आपलं सिम रोमिंगशिवाय चालत नाही, एकच नेपाळी सिम घ्या आणि ते मोठ्याकडे ठेवा. रविवारी गावात काम चालू असतं. पोरांना उपासनेच्या दिवशी कुदळ उचलायला लाज वाटते, पण शनिवारी उपासना झालेली असते हे आठवण करून द्या.

निघताना भेटवस्तू वाटू नका. आम्ही पान्हे, करवत, तव्याचं टेफ्लॉनचं कापड आणि दोन पाइप रेंच समितीच्या नावानं लिहून ठेवून आलो.

आणि परत आल्यावर फोन चालू ठेवा. मला अजून मिस्त्रीचे फोटो येतात, गळक्या कॉकचे. बरेचदा वायसर गेलेला असतो, तो धादिंगबेसीत मिळतो पण जाड येतो आणि बसत नाही. या दसैंला आमचा दाजू गावी गेला, त्याच्याजवळ अर्ध्या इंचाच्या वायसरची एक पुडी दिली, पन्नास नग. परवा मेसेज आला: पुग्यो.